घर विकायला काढताना कुठे चुकते आणि कोणते काम आधी करावे

बहुतेक घरमालक विक्रीची सुरुवात जाहिरातीपासून करतात. फोटो काढतात, मनात असलेला आकडा टाकतात आणि फोनची वाट बघतात. गिऱ्हाईक येते, त्याला घर आवडतेही, आणि मग त्याच्या बँकेने मागितलेला कागद सापडत नाही. किंवा सापडतो, पण त्यावर हयात नसलेल्या माणसाचे नाव असते. घासाघीस करताना जेवढे पैसे सुटतात, त्याहून जास्त कामांचा क्रम उलटा झाल्यामुळे सुटतात. म्हणून खालची कामे दिलेल्या क्रमानेच करा.

१. आधी कागद

जाहिरातीच्या निदान दोन-तीन महिने आधी फाइल उघडा. मालकीचा दस्त, मंजूर नकाशा, बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला, घरपट्टीच्या पावत्या, देखभाल शुल्काची थकबाकी नसल्याचे पत्र आणि कर्ज असेल तर त्याचा ताजा उतारा एकत्र करा. मग दोन गोष्टी तपासा.

पहिली म्हणजे नावे. सगळ्या कागदांवर नाव एकसारखे आहे का, सहमालक किती, त्यातले परगावी किंवा परदेशी कोण? वारसाहक्काने आलेल्या घरात एका वारसाची सही राहिली तरी व्यवहार अडतो. मुखत्यारपत्र लागणार असेल तर ते गिऱ्हाईक दारात यायच्या आत तयार हवे.

दुसरी म्हणजे प्रत्यक्ष घर आणि नकाशा. बंद केलेली बाल्कनी, पाडलेली भिंत, गच्चीवर चढवलेली खोली मालकाच्या नजरेला सवयीची झालेली असते. खरेदीदाराच्या बँकेचा मूल्यांकनकार मात्र नकाशा हातात घेऊन फिरतो. फरक सापडला की कर्ज अडते. असा बदल नियमित करून घेता येतो का, हे आधीच विचारा. येत नसेल तर तो खरेदीदारापासून लपवू नका.

कर्ज बाकी असल्यास बँकेकडून ठरावीक तारखेची एकूण देणे रक्कम लेखी घ्या. मुदतीआधी फेडण्याचे शुल्क लागते का आणि मूळ कागद परत मिळायला किती दिवस लागतात, तेही लिहून घ्या. हे दिवस करारात धरले नाहीत तर उशीर तुमच्या नावावर जातो.

याच टप्प्यावर कर सल्लागाराला भेटा. विक्रीतून होणाऱ्या नफ्यावर कर लागतो का, किती, आणि सवलतीच्या मुदती कोणत्या, हे सही झाल्यावर कळून उपयोग नसतो. घरात केलेल्या मोठ्या कामांची बिले जपली असतील तर ती इथे कामी येतात. नफ्यातून वजा होणाऱ्या खर्चात रंगरंगोटी सहसा धरत नाहीत. कायमस्वरूपी वाढ किंवा सुधारणा अनेक ठिकाणी धरतात.

२. किंमत

सगळ्यात महाग चूक इथे होते. मालक तीन आकड्यांवरून किंमत ठरवतो: शेजाऱ्याने मागितलेली, स्वतः खर्च केलेली आणि पुढच्या घरासाठी लागणारी. बाजाराला या तिन्हींशी देणेघेणे नसते.

शेजारी काय मागतो ते विसरा. त्याचे घर अजून विकले गेलेले नाही. गेल्या तीन ते सहा महिन्यांत त्याच परिसरात प्रत्यक्ष विकली गेलेली चार-पाच घरे शोधा. क्षेत्रफळ तुमच्या घराच्या १०–१५ टक्के आतबाहेर चालेल. प्रत्येकाचा दर चौरस फुटाचा भाव काढा आणि मजला, पार्किंग, इमारतीचे वय, उजेड यांनुसार तो थोडा वरखाली करा.

भाव काढताना क्षेत्रफळाची गफलत हमखास होते. समजा दोन्ही घरांचे बांधीव क्षेत्र (भिंती धरून) १००० चौरस फूट आणि कार्पेट एरिया (आतली वापरायची जागा) ७५० चौरस फूट आहे. शेजारच्या विक्रीची रक्कम ७५० ने भागली आणि आलेला भाव स्वतःच्या १००० ला लावला, तर किंमत थेट एक तृतीयांशाने फुगते. कार्पेटला कार्पेटचा आणि बांधीवला बांधीवचाच भाव लावा.

‘चढा आकडा टाकू, नाही मिळाला तर उतरवू’ हे धोरण ऐकायला शहाणपणाचे वाटते. पण नव्या जाहिरातीकडे सर्वात जास्त लक्ष पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जाते, कारण शोधात असलेले सगळे ती एकदम पाहतात. ते पाहून पुढे गेले की नंतर किंमत उतरवली तरी त्यांतले थोडेच परततात. उरलेले ‘इतके दिवस का पडून आहे?’ असे विचारतात. शोधताना लोक कमाल रकमेची मर्यादा गोल आकड्यात टाकतात, हेही लक्षात ठेवा. गोल आकड्याच्या किंचित वर गेलात तर त्या मर्यादेतल्या सगळ्यांच्या यादीतून घर गळते.

आणखी एक अडचण सौदा ठरल्यावर उघडी पडते. समजा १०० ला सौदा झाला आणि बँक मूल्यांकनाच्या ८० टक्के कर्ज देते. खरेदीदाराने स्वतःचे २० जमवलेले आहेत. मूल्यांकन ९० आले तर कर्ज ७२ मिळेल आणि त्याला २८ उभे करावे लागतील. ते बहुधा नसतात. मग तो सौदा मोडतो किंवा किंमत पाडून मागतो, आणि तोवर बाकीची गिऱ्हाइके दुसरीकडे गेलेली असतात.

जाहिरात लागल्यावर बाजार काय सांगतो ते असे वाचा. फोनच येत नसतील तर किंमत किंवा फोटो चुकले आहेत. लोक बघून जातात पण बोली लावत नाहीत, तर घराची अवस्था त्या किमतीला शोभत नाही. तीन वेगवेगळे लोक जवळपास एकच कमी आकडा बोलले, तर तोच आजचा भाव धरा.

३. दुरुस्ती: काय करावे, काय सोडावे

विकण्यासाठी नवे स्वयंपाकघर बसवू नका. खर्च क्वचितच पूर्ण वसूल होतो, आणि तुमची निवड खरेदीदाराच्या पसंतीस उतरेलच असे नाही. छोटे दोष मात्र सगळे काढा. गळणारा नळ, अडकणारी कडी, तडकलेली स्विचची प्लेट अशा चार गोष्टी दिसल्या की पाहणारा न दिसणाऱ्या चाळीस मनात धरतो.

ओलीवर रंग मारणे हा या कामातला सगळ्यात फसवा खर्च आहे. भिंतीतले पाणी बाहेर येताना क्षार पृष्ठभागावर आणते, लोणा (क्षारांची पांढरी भुकटी) फुटतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. कधीकधी हे नेमके दुसऱ्यांदा पाहायला आलेल्या गिऱ्हाइकासमोर होते. त्यामुळे आधी ओल कुठून येते ते शोधा. साधारण ४५ सेंटिमीटर लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिक भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने पक्के बंद करा आणि एक-दोन दिवस तसेच ठेवा. भिंतीच्या बाजूने थेंब जमले तर पाणी भिंतीतून येते आहे: पाइप, बाहेरची भेग किंवा वरच्या मजल्याचे न्हाणीघर. खोलीच्या बाजूने जमले तर हवेतला दमटपणा आहे आणि हवा खेळती करण्यावर भर हवा. उगम बंद केल्यावर भिंत पूर्ण वाळू द्या. त्याला काही आठवडे लागू शकतात. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा आत मुरतात. सैल गिलावा काढून तिथे नवा भरा, तो वाळल्यावर प्राइमर आणि शेवटी रंग.

घरातला वास मालकाला येत नाही, कारण नाकाला सवय झालेली असते. बाहेरच्या स्पष्टवक्त्या माणसाला बोलावून विचारा. वापरात नसलेल्या न्हाणीघरातून गटाराचा वास येत असेल तर बहुधा जाळीखालच्या वाकड्या नळीतले पाणी सुकलेले असते. तांब्याभर पाणी ओतले की काम होते. सुगंधी फवारा टाळा. त्याने काहीतरी झाकले जाते आहे अशीच शंका येते.

४. फोटो आणि भेटी

फोन छातीच्या उंचीवर, सुमारे १२० सेंटिमीटरवर, सरळ धरा. भिंतींच्या उभ्या कडा फोटोतही उभ्या दिसल्या पाहिजेत. दिवसा पडदे उघडून, दारातून किंवा कोपऱ्यातून फोटो घ्या. अतिरुंद लेन्स टाळा. त्यात मोठी दिसलेली खोली प्रत्यक्षात लहान निघाली की भेटीची सुरुवातच निराशेने होते. १५–२० फोटो पुरेत, सोबत मापांचा साधा आराखडा द्या. किल्ल्या, कागदपत्रे, मुलांचे फोटो चौकटीत येऊ देऊ नका.

भेटीच्या वेळी दागिने, औषधे, लॅपटॉप कुलपात ठेवा आणि येणाऱ्याचे नाव-नंबर आधी घ्या. मागे मागे फिरून प्रत्येक कपाटाची महती सांगू नका. लोकांना आपसात बोलू द्या. ‘आम्हाला दोन महिन्यांत जायचंय’ हे वाक्य तर गिळूनच टाका. घासाघिशीत ते समोरच्याचे हत्यार होते. पण माहीत असलेले दोष विचारल्यावर खरे सांगा, आणि शक्यतो लेखी द्या. लपवलेला दोष ताबा दिल्यानंतरही दाव्याच्या रूपाने परत येऊ शकतो.

एजंट नेमायचा असेल तर सर्वात मोठा आकडा सांगणाऱ्याला भुलू नका. त्याने अलीकडे विकलेली घरे, त्यांची मागितलेली आणि मिळालेली किंमत, लागलेले दिवस विचारा. करारात एकाधिकाराची (फक्त त्याच्यामार्फतच विकण्याची) मुदत आणि दलाली नेमकी कधी देय होते, हे दोन मुद्दे नीट वाचा.

५. बोली आणि करार

मोठी बोली म्हणजे चांगली बोली असे नाही. १०० ची बोली आहे, पण खरेदीदाराला आधी स्वतःचे घर विकायचे आहे आणि कर्जाचा पत्ता नाही. दुसरी ९७ ची, पण कर्जाची पूर्वमंजुरी हातात आणि तारीख ठरलेली. बहुतेक वेळा दुसरीच खरी. प्रत्येक बोलीतून दलाली, कर्जाची बाकी, कर आणि तुमच्या वाट्याचा दस्तखर्च वजा करून हातात येणारी रक्कम कागदावर मांडा. कमी बोलीचा राग मानू नका. लेखी प्रतिआकडा द्या.

इसार हाती पडून लेखी करार होईपर्यंत जाहिरात उतरवू नका. करारात हप्त्यांच्या तारखा, कर्ज नाकारले गेल्यास इसाराचे काय, आणि घरात काय राहणार याची यादी हवी. पंखे, गीझर, वातानुकूलन यंत्र, पडदे, भिंतीत बसवलेली कपाटे एकेक करून लिहा. शेवटच्या आठवड्यातली भांडणे बहुतेक यांवरूनच होतात. कागदावर किंमत कमी दाखवण्याची सूचना आली तर नकार द्या. ते बेकायदा असतेच, शिवाय न लिहिलेली रक्कम बुडाली तर ती मागायला तुमच्याकडे पुरावा नसतो.

पूर्ण रक्कम खात्यात जमा होईपर्यंत ताबा देऊ नका, ‘फक्त सामान ठेवतो’ म्हटले तरी नाही. खात्याचा तपशील ईमेलने पाठवला असेल तर तो बरोबर पोहोचला का, हे दोघांनी आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर बोलून पक्के करा. व्यवहाराच्या मध्येच बनावट ईमेल घुसवून पैसे वळवण्याचे प्रकार जगभर होतात.

६. ताबा देताना

त्या दिवशी वीज, पाणी आणि गॅसच्या मीटरचे आकडे फोटोत घ्या. किल्ल्या मोजून द्या, नोंदीवर दोघांच्या सह्या घ्या आणि जोडण्यांवरचे नाव बदलण्याचा अर्ज त्याच आठवड्यात करायला लावा. घराचा विमा ताबा देईपर्यंत चालू ठेवा. आधीच राहायला गेला असाल तर विमा कंपनीला घर रिकामे असल्याचे कळवा. अनेक पॉलिसींमध्ये घर ठरावीक दिवसांहून जास्त रिकामे राहिल्यास काही नुकसानींची भरपाई मिळत नाही.