कार्टच्या शर्यतीसाठी १९६ सीसीचे इंजिन कसे बांधावे

होंडाचे जीएक्स२०० हे १९६ सीसीचे इंजिन मुळात पाण्याचे पंप, जनरेटर आणि काँक्रीटची यंत्रे चालवण्यासाठी घडवलेले आहे. त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६८ मिमी, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ५४ मिमी आणि कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, ८.५ असून ३६०० आरपीएमला (मिनिटाला ३६०० फेरे) ते साधारण साडेपाच अश्वशक्ती देते. तरीही जगभरच्या कार्टप्रेमींनी (कार्ट म्हणजे शर्यतीची छोटी, उघडी चारचाकी) हे इंजिन आणि त्याच बेताची चिनी इंजिने आपलीशी केली, यात नवल नाही; कारण १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी पहिली कार्ट बनवली तेव्हा त्यांनीही गवत कापण्याच्या यंत्रासाठी बनलेले छोटे इंजिनच वापरले होते. हे इंजिन स्वस्त आहे, त्याचे सुटे भाग मिळतात आणि घरच्या टेबलावर ते पूर्ण खोलता येते. मात्र ते बांधण्याचा क्रम चुकला, तर ते शर्यतीच्या पहिल्याच दिवशी फुटू शकते.

कोणताही भाग विकत घेण्यापूर्वी इंजिन किती आरपीएमपर्यंत फिरवायचे आहे, हे ठरवावे आणि ज्या गटात उतरायचे आहे त्याची नियमावली शब्दशः वाचावी. कित्येक गटांत इंजिनाला हात लावण्याचीच मुभा नसते. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे २०६ हे इंजिन तर कारखान्यातूनच सील होऊन येते आणि त्याला ६१०० आरपीएमची मर्यादा घातलेली असते. खुल्या गटासाठी पहिलेच इंजिन बांधणाऱ्याने ६००० ते ६५०० आरपीएमवर समाधान मानावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. ३६०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ६.५ मीटर असतो, तर ६००० आरपीएमला तो १०.८ मीटर होतो. वेग पावणेदोनपटीहूनही कमी वाढला असला, तरी पिस्टनला थांबवून पुन्हा उलट खेचताना, पिस्टनला क्रँकशी (इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याशी) जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर येणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जवळजवळ २.८ पट होतो. ७००० आरपीएमला हाच आकडा पावणेचारपटीच्या पुढे जातो. इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारा गव्हर्नर काढून टाकणे हे अर्ध्या तासाचे काम असल्यामुळे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. पण मूळचा ओतीव ॲल्युमिनियमचा रॉड आणि ओतीव लोखंडाचे फ्लायव्हील (क्रँकच्या टोकावरचे जड चाक) तसेच ठेवून गव्हर्नर काढणे हा चालकाच्या जिवाशी खेळ आहे. फुटलेला रॉड ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो, आणि फुटलेल्या फ्लायव्हीलचे तुकडे पत्र्याचे कव्हर सहज भेदतात. कार्टमध्ये चालकाची कंबर इंजिनापासून हातभर अंतरावर असते, हे विसरू नये.

म्हणून खर्चाचा क्रम असा ठेवावा: आधी अखंड ठोकळ्यातून कापलेला, म्हणजे बिलेट, रॉड, मग बिलेट फ्लायव्हील, त्यानंतर कडक व्हॉल्व्ह स्प्रिंगा, आणि हे सगळे हाती आल्यावरच ताकद वाढवणारे भाग. मूळच्या स्प्रिंगा पाच-साडेपाच हजार आरपीएमच्या आसपास व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचा पाठलाग करणे सोडतात आणि व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाहीत. मात्र गरजेपेक्षा फार कडक स्प्रिंगा बसवल्यास कॅम आणि त्यावर टेकणारे टॅपेट विनाकारण झिजतात. व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असताना स्प्रिंगेची वेटोळी एकमेकांवर टेकत नाहीत ना, हे तपासावे. एकूण मिळून मिलिमीटरभर मोकळीक उरायलाच हवी. रॉड घेताना त्याची लांबी आणि पिस्टनपिनचा व्यास आपल्या पिस्टनशी जुळतो का, हे मोजून घ्यावे, कारण बाजारात निरनिराळ्या लांबीचे रॉड एकाच नावाने विकले जातात.

इंजिन खोलल्यावर प्रत्येक भाग रॉकेलने धुवून वहीत मापे लिहावीत. सिलिंडरचा व्यास वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, दोन काटकोनी दिशांनी मोजावा. साइड कव्हर उघडल्यावर गव्हर्नरचे प्लॅस्टिकचे गिअर काढावे, त्याची दांडी बाहेर येते ते भोक कायमचे बंद करावे, आणि तेल कमी झाल्यावर इंजिन बंद पाडणारा सेन्सरही काढून ठेवावा; वळणावर तेल एका बाजूला गेले की तो नाहक इंजिन बंद पाडतो.

कॉम्प्रेशन वाढवण्याचे गणित सोपे आहे आणि ते प्रत्येकाने स्वतः करावे. १९६ सीसीला ८.५ रेशो म्हणजे पिस्टन वर असताना उरणारी जागा सुमारे २६ सीसी. रेशो ९.५ करायचा तर ती २३ सीसीवर आणावी लागते. ६८ मिमी व्यासाच्या बोअरवर १ मिमी जाडी म्हणजे सुमारे ३.६ सीसी, म्हणून हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्याच्या हेडमधली पट्टी) साधारण ०.८५ मिमीने पातळ केले की काम होते. यापेक्षा पुढे जाण्याचा मोह पहिल्या इंजिनात टाळावा.

गॅस्केट पातळ केले किंवा कॅम बदलला, की मातीची चाचणी केल्याशिवाय इंजिन फिरवू नये. पिस्टनच्या माथ्यावर, व्हॉल्व्ह येतात त्या जागी, मुलांच्या खेळण्याच्या मऊ मातीची चपटी गोळी ठेवावी आणि माती चिकटू नये म्हणून व्हॉल्व्हला तेलाचे बोट लावावे. नवे गॅस्केट घालून हेडचे बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने २४ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत, टॅपेटची फट सेट करावी आणि क्रँक हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवावा. कुठे अडकल्यासारखे वाटले, तर जोर न लावता थांबावे. नंतर हेड उचलून माती ब्लेडने उभी कापावी आणि सर्वांत पातळ जागेची जाडी व्हर्नियरने मोजावी. इनटेकला किमान १ मिमी आणि एक्झॉस्टला सव्वा ते दीड मिमी जागा हवी. पिस्टनचा माथा आणि हेड यांमध्ये ०.८ मिमीपेक्षा कमी अंतर ठेवू नये, कारण पूर्ण वेगात ॲल्युमिनियमचा रॉड तापून आणि ताणून किंचित लांब होतो.

अंतिम जोडणीच्या वेळी पिस्टनवरील त्रिकोणी खूण पुशरॉडच्या बाजूला, रिंगांवरील खुणा वर, आणि क्रँक व कॅमच्या गिअरवरील टायमिंगच्या खुणा समोरासमोर असाव्यात. या इंजिनात तेलाचा पंप नसतो. रॉडच्या टोकाचा डिपर तेल उडवतो तेवढेच वंगण, म्हणून डिपर कशालाही घासत नाही ना, हे फिरवून पाहावे आणि रॉडचे बोल्ट रॉड बनवणाऱ्याने सांगितलेल्या टॉर्कनेच आवळावेत. टॅपेटची फट थंड इंजिनात इनटेकला ०.१५ आणि एक्झॉस्टला ०.२० मिमी ठेवावी. कॅम बदलला असल्यास कॅमच्या कागदावरची मापे घ्यावीत.

फ्लायव्हील बसवताना एक गोष्ट आवर्जून करावी. चावी, म्हणजे क्रँकच्या खाचेत बसणारी धातूची छोटी पट्टी, ही केवळ टायमिंगची जागा दाखवण्यासाठी असते, फ्लायव्हीलला धरून ठेवतो तो क्रँकचा निमुळता भाग. म्हणून चावी न लावता, ग्राइंडिंग पेस्ट घेऊन फ्लायव्हील त्या भागावर हाताने घासावे, सगळीकडे सारखी करडी छटा आली की दोन्ही भाग पेट्रोलने पुसून कोरडे करावेत आणि नट ७५ न्यूटन-मीटरने आवळावा. ठिणगी देणारी कॉइल आणि फ्लायव्हील यांमधली फट ०.४ मिमीच्या आसपास असावी.

मोकळा एअर फिल्टर आणि सरळ एक्झॉस्ट पाइप बसवण्यात कौशल्याचे फारसे काही नाही, पण त्यानंतर जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी छिद्राची नळी, बदलणे अनिवार्य ठरते. जेटमधून जाणारे पेट्रोल व्यासाच्या वर्गाशी निगडित असल्यामुळे ०.७० मिमीऐवजी ०.८० मिमीची जेट लावली, तर छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे ३१ टक्क्यांनी वाढते. आपल्याकडे आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते, म्हणून परदेशी तक्त्यातली जेट इथे थोडी लहान पडते. पूर्ण थ्रॉटलवर एक लांब सरळ पट्टा धावून, लगेच इंजिन बंद करून प्लग काढून पाहावा: फिकट तपकिरी रंग योग्य, पांढरा असेल तर पेट्रोल कमी पडते आहे, काळी काजळी असेल तर जास्त होते आहे. शंका असेल तेव्हा मोठ्या जेटच्या बाजूने राहावे, कारण जास्त पेट्रोलाने वेग थोडा कमी होतो, पण कमी पेट्रोलाने पिस्टन वितळतो.

पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन एकाच वेगावर न ठेवता कमी-जास्त करत गरम होऊ द्यावे, मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे आणि तेल काढून ते पांढऱ्या कापडावर ओतून पाहावे. बारीक करडी चमक नव्या रिंगांची असते व ती चालते. डोळ्याला वेगवेगळे दिसणारे कण आढळले, तर इंजिन पुन्हा खोलावे. नवे तेल ०.६ लिटरच भरावे, टॅपेट पुन्हा तपासावेत आणि मगच कार्ट ट्रॅकवर न्यावी. पहिल्या फेऱ्यांत टॅकोमीटरवर (आरपीएम दाखवणाऱ्या यंत्रावर) लक्ष ठेवून मागचे स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचे दातेरी चाक, असे निवडावे की सर्वांत लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी, ब्रेक लावण्याच्या क्षणी, इंजिन आपण ठरवलेल्या आरपीएमला पोहोचेल आणि त्याच्या पुढे जाणार नाही.