‘म्हणजे’ला बंदी : सहावी ते आठवीच्या मुलांना कवितेतली प्रतिमा कशी शिकवावी

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात दर रविवारी मी मराठी मुलांचा वर्ग घेते. मुलं शाळेत हिंदी-इंग्रजी शिकतात, घरी अर्धं हिंदी मिसळलेलं मराठी बोलतात. ‘आधी अलंकारांच्या व्याख्या पाठ करून घ्या’ असा सल्ला दरवर्षी कुणीतरी देतंच. तो ऐकू नका. व्याख्या पाठ झाली की मूल कविता वाचणं सोडून शब्द हुडकू लागतं. ‘सारखा’ सापडला, लिही उपमा. ‘जणू’ सापडला, लिही उत्प्रेक्षा. रूपकात तर असा शब्दच नसतो, त्यामुळे तिथून ते सरळ पुढे निघून जातं.

कविता लहान घ्या, अडणारे शब्द आधी फळ्यावर सोडवा, दोनदा मोठ्याने वाचा. पण त्याच्याही आधी पाच मिनिटं भुकेवर बोला. मराठीत पोटात कावळे ओरडतात, हिंदीत पेट में चूहे दौड़ते हैं. आमच्या पोरांना दोन्ही येतं. विचारा, भूक तीच, मग फरक काय? पहिलं उत्तर ‘काहीच नाही’ असंच येतं. गप्प बसा. मग कुणीतरी म्हणतं, कावळा ओरडला की शेजारच्यालाही ऐकू जातं. उंदीर आतल्या आत पळतो, तो आपला आपल्यालाच कळतो. गाडी इथवर आली की कविता काढा.

आता खरी अडचण. मूल ओळ ऐकतं आणि लगेच सुरू करतं, ‘म्हणजे…’. या एका शब्दाने माझी पहिली काही वर्षं वाया घालवली. भा. रा. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी, त्यामुळे ‘मावळत्या दिनकरा’ मी हौसेने शिकवायची आणि अर्थही हौसेने सांगून टाकायची : सूर्य म्हणजे उतारवयातला, सत्ता गेलेला माणूस. मुलं वहीत उतरवून घ्यायची, मी खूश. एकदा सकाळच्या सूर्याची दुसरी कविता न शिकवता दिली, तर निम्म्या वर्गाने लिहिलं, ‘सूर्य म्हणजे म्हातारा माणूस’. चूक त्यांची नव्हती. मी त्यांना कविता दिलीच नव्हती, किल्ली दिली होती, आणि ती ते दिसेल त्या कुलपाला लावत होते.

तेव्हापासून पहिली दहा मिनिटं ‘म्हणजे’ला बंदी. फक्त काय दिसतं ते सांगायचं. शहराच्या मुरार भागातल्या गच्चीवरून सूर्य किल्ल्यामागे जाताना सगळ्यांनी पाहिलेला असतो. रंग कसा होता? त्याच्याकडे डोळे न मिटता बघता येत होतं का? त्या वेळी खालच्या रस्त्यावरचे लोक काय करत होते? ‘कुणी बघतच नव्हतं, काकू, सगळे घरी जायच्या घाईत,’ असं एक मुलगी म्हणाली आणि ‘जो तो पाठ फिरवि मावळत्या’ ही ओळ मला न शिकवताच वर्गात आली.

मग अदलाबदल करून बघा. सूर्याच्या जागी विझता दिवा ठेवा. काय बिघडलं? दिवा एका खोलीचा, सूर्य सगळ्यांचा. दिव्याला कुणी अर्घ्य देत नाही. सूर्य उद्या परत येतो. मग कवितेतला निरोप खरा की नाही, यावर पोरं भांडतात. भांडू द्या. एकदा एकाने हात वर केला, ‘शेजारी छठपूजा करतात, ते मावळत्यालाही अर्घ्य देतात. मग सगळे पाठ फिरवतात असं कवी का म्हणतो?’ माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. असं झालं तर घाईघाईत जुळवाजुळव करू नका. ‘चांगलं पकडलंस’ म्हणा आणि प्रश्न फळ्यावर तसाच राहू द्या.

यानंतर ‘म्हणजे’ची बंदी उठवा, पण एका अटीवर : जो अर्थ सांगाल, त्याच्यासाठी कवितेतला एक शब्द बोटाने दाखवायचा. शब्द दाखवता आला नाही तर अर्थ परत घ्यायचा. चित्र काढून घेण्याचा उपक्रम मी बंद केला; दोन डोंगर आणि मधे सूर्य, याहून वेगळं काही कधी आलं नाही.

गृहपाठाला चार ओळी पुरतात. ‘कवीला असे म्हणायचे आहे की’ने सुरू होणारं उत्तर मी न वाचताच परत देते. घरच्यांनाही हे आधी सांगून ठेवा, नाहीतर आजोबा रात्री बसून सगळा भावार्थ लिहून देतात.