फ्रेंचमध्ये बीए-एमए करायचंय? मग आधी मराठी बाहेर काढा

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की कुणाच्या तरी आईचा फोन येतो, "अगं हिला फ्रेंचमध्ये ९८ पडलेत, आता पुढे फ्रेंचच करायचं म्हणतेय, करू देऊ का?" मी पुण्यात फ्रेंचमध्ये एमए केलंय, गेली काही वर्षं भाषांतराची कामं करते आणि शनिवार-रविवार शिकवते, त्यामुळे हा फोन मलाच येणार हे ठरलेलं. आता दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

पहिली गोष्ट, ते ९८ बाजूला ठेवा. आपल्याकडे आठवीपासून फ्रेंच घेतात ते मार्क पडतात म्हणून, हे सगळ्यांना माहितीये, आणि ठराविक धडे, ठराविक भाषांतरं, ठराविक पत्रं पाठ केली की मार्क पडतातच. खरी परीक्षा घरी घ्या. आरएफआय म्हणजे फ्रान्सचा आंतरराष्ट्रीय रेडिओ, त्यावर सोप्या फ्रेंचमधल्या दहा मिनिटांच्या बातम्या रोज असतात, फुकट. एक भाग लावा आणि काय कळलं ते मराठीत लिहून काढा. तीनच वाक्यं कळली तरी घाबरू नका, माझीही तीनच होती, त्यातलं एक निवेदिकेने म्हटलेलं "नमस्कार" होतं. पण ते ऐकून पुढचा भाग लावावासा वाटतोय की बंद करावासा, तेवढं बघा.

दुसरं, डिग्रीच हवी का ते ठरवा. फक्त भाषा यायला हवी असेल, कंपनीत लागते म्हणून किंवा बाहेर जायचंय म्हणून, तर आलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेचे क्लास करा, डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेची बी२ लेव्हल काढा, झालं. शून्यापासून बी२ पर्यंत ढोबळ सहाशे तास धरा. डिग्री कुणी करायची, तर साहित्य वाचायचंय, भाषांतर नीट शिकायचंय, कॉलेजात शिकवायचंय, त्यासाठीची नेट परीक्षा द्यायचीय (नेटमध्ये फ्रेंच विषय आहे), अशांनी. नाहीतर दुसऱ्या वर्षाला सतराव्या शतकातलं नाटक समोर आलं की मुलं विचारतात, मॅडम हे इंटरव्ह्यूत विचारतात का? नाही विचारत.

जागांचं थोडक्यात. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट, म्हणजे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, तिथे सर्टिफिकेटपासून एमएपर्यंत सगळं. मुंबईत कलिनाला विद्यापीठाचा फ्रेंच विभाग, गोवा विद्यापीठातही एमए. महाराष्ट्राबाहेर जायची तयारी असेल तर हैदराबादचं इफ्लू (इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ), पाँडिचेरी विद्यापीठ, आणि दिल्लीत जेएनयू, जिथल्या सेंटरच्या नावातच 'फ्रेंच आणि फ्रँकोफोन (फ्रेंच बोलणाऱ्यांचा) स्टडीज' आहे. जेएनयूत सीयूईटी ही प्रवेश परीक्षा देऊन बारावीनंतर कोरी पाटी घेऊनही बीएला जाता येतं. एमएला मात्र सगळीकडे आधीचं फ्रेंच लागतं, किती लागतं ते त्या त्या वर्षीच्या प्रॉस्पेक्टसमध्ये बघा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारू नका.

आता मुख्य मुद्दा, जो मला स्वतःला कळायला दोन वर्षं लागली. आपण फ्रेंच इंग्रजीतून शिकतो. डोक्यात आधी इंग्रजी वाक्य, मग त्याचं फ्रेंच. आणि तिथेच सगळा घोळ. मराठी माणसाला फ्रेंचचा अर्धा रस्ता आधीच माहीत असतो, आपण उगाच वळसा घालून जातो.

उच्चार घ्या. फ्रेंच 'त' आणि 'द' हे आपले दंत्य त-द आहेत, ट-ड नाहीत. पण इंग्रजीची सवय म्हणून मुलं 'ताब्ल'ला (म्हणजे टेबलाला) 'टाब्ल' म्हणतात. तोच शब्द देवनागरीत लिहून वाचा, निम्मा उच्चार तिथेच सुटतो. अनुनासिकं चार, आणि ती चारही एका ओळीत सापडतात, "अँ बों व्हँ ब्लाँ", म्हणजे एक चांगली पांढरी वाइन. घरी जरा हळू म्हणा. आपल्या ओठात नाही असा स्वर म्हणजे 'त्यू' (म्हणजे तू) मधला, त्याला युक्ती अशी की ओठ 'ऊ'चे करायचे आणि आतून 'ई' म्हणायचं. लियेझाँ, म्हणजे दोन शब्द जोडून म्हणणं, ऐकून लोक दचकतात, पण संधी पाठ केलेल्या माणसाने का दचकावं? 'ले' आणि 'आमी' एकत्र आले की 'लेझामी', एवढंच.

लिंग. इंग्रजीतून आलेला माणूस विचारतो खुर्चीला लिंग कशाला, आपण असं कधीच विचारणार नाही. तो, ती, ते अशी तीन सांभाळतो, फ्रेंचची तर दोनच. फक्त जुळतील अशी आशा ठेवू नका. खुर्ची तिकडेही बाई, सूर्य तिकडेही बुवा, पण आपला चांदोमामा फ्रेंचमध्ये बाई आहे. एक सवय लावून घ्या, वहीत नाम लिहिताना 'ल/ला' (इंग्रजीतलं 'द') लावून न लिहिता 'अँ/यून' (इंग्रजीतलं 'अ') लावून लिहा, कारण शब्द स्वराने सुरू झाला की 'ल/ला' आखडून लपतात, 'लेकोल' म्हणजे शाळा, आता ती पुल्लिंगी की स्त्रीलिंगी कळणार कसं? 'यून एकोल' लिहिलंत की संपलं.

आणि भूतकाळ! याच्यावर मी मरते. सगळी मुलं इथे रडतात. नियम असा, सहायक क्रियापद 'आव्हवार' (इंग्रजीतलं 'हॅव') असेल तर धातुसाधित कर्माप्रमाणे बदलतं, पण कर्म आधी आलं तरच. इंग्रजीतून वाचलं तर हे चक्रमपणाचं वाटतं. आता मराठीत म्हणा, 'मी लिहिलेला निबंध', 'मी लिहिलेली चिठ्ठी'. लिहिणारी मीच, पण 'लिहिलेला', 'लिहिलेली' कुणाप्रमाणे बदलतंय? निबंधाप्रमाणे, चिठ्ठीप्रमाणे. फ्रेंचमध्ये तंतोतंत हेच, 'ल रोमाँ क झे एक्री' (रोमाँ म्हणजे कादंबरी, तिकडे पुल्लिंगी) पण 'ला लेत्र क झे एक्रीत' (लेत्र म्हणजे चिठ्ठी, स्त्रीलिंगी). तो शेवटचा 'त' म्हणजे आपली 'ली'. आम्हाला हे फळ्यावर एका सरांनी मराठीत लिहून दाखवलं तेव्हा वर्गात एकदम शांतता झाली आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मग हे आधी का नाही सांगितलं?" दुसरा गट 'एत्र' (म्हणजे असणं) वाला, तिथे कर्त्याप्रमाणे, 'इल ए मोर' तो मेला, 'एल ए मोर्त' ती मेली. इथेही मराठीच. फक्त एका ठिकाणी साथ सुटते, आपण 'ती झोपली' म्हणतो म्हणून तिकडे 'एत्र' लावायला जाऊ नका, ते 'एल आ दोर्मी' आहे, काही बदलत नाही. 'एत्र'ची यादी छोटी आहे, जाणं, येणं, जन्मणं, मरणं वगैरे, ती पाठच करा.

आकड्यांवरून फ्रेंचला हसायची फॅशन आहे, ९७ म्हणजे 'कात्र-व्हँ-दिस-सेत', चार वीस दहा सात. पण माझी आजी बाजारात नारळ 'चार विसा' असेच मोजायची, आणि 'एकोणऐंशी' म्हणणाऱ्यांनी तर गप्पच बसावं. गंमत अशी की बेल्जियममध्ये, स्वित्झर्लंडमध्ये आणि एकेकाळी बेल्जियमची वसाहत असलेल्या काँगोत नव्वदला सरळ 'नोनाँत' म्हणतात. म्हणजे 'बरोबर फ्रेंच' कुठलं, हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या आकड्यांपासूनच सुरू होतो, आणि तोच पुढे फ्रँकोफोनीच्या, म्हणजे जगभरच्या फ्रेंच वापरणाऱ्या देशांच्या, पेपरात मोठा होऊन येतो.

या पेपराला मुलं ऑप्शनला टाकतात. फ्रेंच म्हणजे पॅरिस, बाकीचं साइड डिश, अशी समजूत. अहो, काँगोची राजधानी किन्शासा पॅरिसपेक्षा कितीतरी मोठं शहर आहे आणि तिथली शाळा-कचेरीची भाषा फ्रेंच आहे. फ्रँकोफोनीची संघटना ज्यातून उभी राहिली तो करार २० मार्च १९७० ला झाला, तोही पॅरिसमध्ये नाही, नायजरमधल्या नियामेत. त्यात पुढाकार सेनेगलचे सेंगोर, ट्युनिशियाचे बुर्गिबा, नायजरचे दियोरी, कंबोडियाचे सिहानूक, सगळे नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशांचे नेते. म्हणून २० मार्चला फ्रँकोफोनी दिन, आणि म्हणूनच मार्चमध्ये आलियाँसमध्ये सिनेमे-बिनेमे असतात, जा, बऱ्याचदा फुकट असतात.

अभ्यास कसा करायचा, तर समीक्षेच्या नोट्सपासून सुरुवात करू नका. जगाचा नकाशा भिंतीला लावा, आणि प्रत्येक लेखकापुढे एवढंच लिहा, घरात कुठली भाषा होती, फ्रेंच कुठून आली, पुस्तक छापलं कुठे, वाचलं कुणी. या चार उत्तरांत निम्मा पेपर आहे. मार्टिनिकचा सेझेर, सेनेगलचा सेंगोर, फ्रेंच गयानाचा दामास हे तिघं कवी १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये विद्यार्थी होते, तिथे त्यांना आपलं काळेपण नव्याने दिसलं आणि नेग्रित्यूद, म्हणजे काळेपणाचा अभिमान सांगणारी साहित्यिक चळवळ, उभी राहिली. सेनेगलचाच सेम्बेन कादंबऱ्या लिहायचा, पण ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांनाच फ्रेंच वाचता येत नाही म्हणून सिनेमाकडे वळला आणि पुढे वोलोफ या तिथल्या भाषेत सिनेमे केले. अल्जीरियाचा लेखक कातेब यासिन म्हणायचा की फ्रेंच ही आमच्यासाठी युद्धातली लूट आहे. ज्यांच्या इतिहासाच्या पुस्तकात सुरतेची लूट अभिमानाने शिकवतात त्यांना हे वाक्य वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पुढे तो स्वतः बोली अरबीत नाटकं करायला लागला, हेही त्याच पानावर लिहा.

आणि मॉरिशस. कोकणातून गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून गेलेल्या मराठी लोकांचे वंशज तिथे आहेत, गणपती बसवतात, घरात क्रिओल (फ्रेंचपासून तयार झालेली तिथली बोली) बोलतात, पेपर फ्रेंचमध्ये वाचतात, सरकारी कागद इंग्रजीत. १९६८ ला स्वतंत्र झालेला एवढासा देश, पण एका माणसाच्या तोंडात दिवसाला किती भाषा येतात ते बघायचं तर यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

क्वेबेकचा धडा मी फुकट नाही शिकले. नवी नवी कामं घेत होते तेव्हा माँट्रियलच्या एका क्लायंटने लिहिलं, 'दीने'नंतर कॉल करू. पुस्तकात दीने म्हणजे रात्रीचं जेवण. मी हिशोब केला, त्यांची रात्र म्हणजे आपली पहाट, साडेपाचचा अलार्म लावून झोपले. उठून बघते तर आदल्या रात्री साडेदहालाच मेल, "आम्ही थांबलोय, तुम्ही कुठे आहात?" क्वेबेकमध्ये दीने म्हणजे दुपारचं जेवण, रात्रीचं ते 'सूपे'. तेव्हापासून वेळ नेहमी आकड्यात लिहून घेते.

आता परीक्षेतली सगळ्यात मोठी खोड, 'एक्सप्लिकासियाँ द तेक्स्त', म्हणजे उतारा देणार आणि म्हणणार उलगडून दाखवा. आपल्याला वाटतं हे तर दहावीचं रसग्रहण. तिथेच फसतो. माझ्या पहिल्या उत्तरात मी 'कवीने अत्यंत सुंदर शब्दांत निसर्गाचं मनोहारी चित्र रेखाटलं आहे' छापाची वाक्यं फ्रेंचमध्ये करून ठेवली होती. पेपर परत आला तेव्हा समासात लाल शाईने सहा ठिकाणी एकच शब्द, 'कोमाँ?', कसं? मार्क वीसपैकी सात. तेव्हा हे करा, ओळींना नंबर द्या, क्रियापदांचे काळ वेगवेगळ्या रंगात अधोरेखित करा, सर्वनाम कुठे बदलतंय बघा, 'मी'चं 'आपण' कुठल्या ओळीला झालं, वाक्य लांबतंय कुठे, तुटतंय कुठे. मगच दोन किंवा तीन मुद्दे ठरवा आणि प्रत्येक मुद्द्याला ओळीचा नंबर लावा. 'सुंदर' हा शब्द वापरायचाच नाही. दिसर्तासियाँ, म्हणजे मोठा निबंध, त्याला वाद-प्रतिवाद-संवाद असा साचा लागतो, आणि यातला प्रतिवाद मनापासून लिहावा लागतो, तोंडदेखला चालत नाही.

एमएच्या प्रबंधाला विषय शोधताना पुन्हा मराठीकडे या. तुकारामांचे अभंग गी दलरी यांनी फ्रेंचमध्ये नेले, १९५६ साली. गी प्वातव्हँ हे फ्रान्समधून येऊन पुण्यात राहिले आणि हेमा राईरकरांबरोबर जात्यावरच्या ओव्या गोळा करत गेले, लाखावर ओव्या आहेत त्या संग्रहात. महादजी शिंद्यांची कवायती फौज उभी करणारा द ब्वान्य हा फ्रान्समधल्या शांबेरीचा, तिथे त्याच्या स्मारकाला चार हत्तींचं कारंजं आहे, हत्तींची फक्त पुढची बाजू दिसते म्हणून गावकरी त्यांना 'चार बिनढुंगणाचे' म्हणतात. 'जात्यावरची ओवी फ्रेंचमध्ये नेताना "बाई" या हाकेचं काय होतं' एवढ्यावर अख्खा प्रबंध होईल, आणि तुमच्यासारखा तो पॅरिसमध्ये बसलेल्या कुणाला लिहिता येणार नाही.

नोकरीचं म्हणाल तर शाळांमध्ये शिक्षक लागतात, भाषांतर आहे, पुण्या-मुंबईत कंपन्यांमध्ये फ्रेंचवाल्यांना जागा निघतात, आणि फ्रान्समध्ये शाळेत इंग्रजीचा असिस्टंट म्हणून जायचा कार्यक्रम आहे, साधारण सात महिने, आठवड्याला बारा तास, तो चुकवू नका, तिथे भाषा खरी सुटते. कॅनडा डोक्यात असेल तर (क्वेबेक सोडून) इमिग्रेशनला डेल्फ चालत नाही, टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा द्यावी लागते. टीसीएफचा निकाल दोन वर्षांत संपतो, डेल्फ मात्र आयुष्यभर. डेल्फचे चार भाग, प्रत्येकी २५, पास व्हायला १०० पैकी ५०, पण एखाद्या भागात ५ पेक्षा कमी पडले तर बाकी कितीही असोत, नापास. बोलण्यात घाबरून गप्प बसणारी हुशार मुलं इथेच जातात.

आणि डेल्फचा फॉर्म भरताना नाव पासपोर्टवरच्या स्पेलिंगनेच लिहा. ते सर्टिफिकेट जन्मभराचं असतं, आणि माझ्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव आडनावाला चिकटून आलंय, ते अजून प्रत्येक ठिकाणी समजावून सांगत बसते.