पान उलटून बघा, मग फवारा उचला

सकाळी आमचं फाटक वाजतं ते बहुतेक समोरच्या वहिनींमुळे. मुठीत मिरचीचं आकसलेलं पान आणि तोंडी एकच प्रश्न : "ताई, मिरचीवर बोकड्या आलाय, काय मारू?" मी आधी विचारते, "पान वर वळलंय की खाली?"

बोकड्या म्हणजे पानं आकसून मुडपणं, आणि काय मारायचं ते ती कुठं वळलीत यावरच ठरतं. सांगलीत आमच्या घरामागं बारा बाय पंधरा फुटांचं परस आहे, वर गच्चीत साठेक कुंड्या. बावीस वर्षांत किडीनं जेवढी झाडं गेली, त्याहून जास्त घाईनं मारलेल्या औषधानं आणि पाण्यानं गेली. म्हणून दुखणं ओळखायचं कसं, ते आधी सांगते.

मिरचीच्या पानाच्या कडा वर उचलून होडी झाली असेल, तर फुलकिडे. कडा खाली मुडपून होडी पालथी घातल्यासारखी दिसत असेल आणि देठ लांबलेला असेल, तर कोळी, म्हणजे जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारी बारीक कीड. खात्री करायची असेल तर पांढऱ्या कागदावर शेंडा धरून दोनतीन टिचक्या मारा आणि कागद उन्हात धरा. आधी नुसती धूळच वाटते. क्षणभर थांबलात की त्यातले पिवळट, पेन्सिलीच्या बारीक रेघेसारखे कण चालायला लागतात. ते फुलकिडे. मिरचीवरचा कोळी नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, त्याला भिंग लागतं.

फुलकिड्यांना निंबोळी अर्क पुरतो. वाळलेल्या निंबोळ्यांची 50 ग्रॅम भरड फडक्यात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी पुरचुंडी पिळून पाणी गाळा, चिमूटभर साबणाचा कीस विरघळवा. फवारणी मात्र ऊन उतरल्यावर, पानाच्या खालून, आणि अर्क त्याच दिवशी संपवायचा. आठवड्यानं पुन्हा. निळे चिकट सापळेही लावा, फुलकिडे निळ्यावर येतात. पांढरी माशी आणि मावा पिवळ्यावर. कोळ्याला पाण्यात मिसळणारं गंधक लागतं, लिटरला दोन ग्रॅम. इथं एक गोष्ट जिवाच्या आकांतानं सांगते. कडुनिंबाचं तेल आणि गंधक यांच्यात दोन आठवड्यांचं अंतर ठेवा आणि कडक उन्हाळ्यात गंधक मारूच नका. एका मार्चमध्ये मी सोमवारी तेल आणि गुरुवारी गंधक मारलं. रविवारपर्यंत अकरा रोपांची पानं कडेपासून भाजल्यासारखी तपकिरी झाली. त्यातलं एकही सावरलं नाही.

मिरचीचं झाड खुजं राहिलंय, पानं बारीक आणि जाड झालीत, हात लावला की पांढऱ्या माश्या उडतात, असं असेल तर तो विषाणू. त्याला औषध नाही. रोप उपटा. भेंडीच्या हळद्याचंही तेच : पानाच्या शिरा पिवळ्या जाळीसारख्या दिसल्या की त्या दिवशीच झाड काढा. उपटताना जीव तुटतो, मला कळतं, पण माशी त्याच झाडावरून शेजारच्यावर जाते.

आता पाणी. माती वरून कोरडी दिसली की आपण झारी उचलतो. त्याआधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. झाड पाण्याअभावी मान टाकतं, तसंच पाणी जास्त झालं तरी टाकतं, आणि दोन्ही अगदी सारखंच दिसतं. 2019च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आमच्या परसात चार दिवस उभं होतं. ओसरल्यावर वांगी, शेवंती सगळी मलूल, आणि माती मात्र चिंब. वर चार बोटं गाळाचा थर बसला होता, मुळांना हवाच मिळत नव्हती. खुरप्यानं तो थर फोडून बाजूला केला, चर काढून पाण्याला वाट करून दिली. वांगी गेली, शेवंतीची सहा रोपं वाचली. कुंडीतही हेच घडतं, फक्त हळूहळू. पाणी घातल्यावर भोकातून बाहेर यायला वेळ लागत असेल, तर ते भोक मुळांनी किंवा मातीनं बुजलंय. काडी घालून मोकळं करा.

टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडला की लोक बुरशीनाशक आणतात. ती बुरशी नाही. दोन दिवस कोरडं, एक दिवस पूर, अशानं कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. पाणी नेमानं द्या, बुडाशी पालापाचोळा पसरा. डाग पडलेलं फळ बरं होत नाही, पुढची चांगली येतात.

पिवळ्या पानांबद्दल दोनच गोष्टी बघायच्या. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी : गांडूळखत द्या. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्यागार, तर लोह कमी. आमच्याकडं बोअरचं पाणी इतकं जड आहे की कुंडीच्या कडेला पांढरी खार चढते. मातीत लोह असतं, पण पाण्यातल्या चुन्यामुळं मुळांना ते घेता येत नाही. म्हणून कुंडीत गंजके खिळे पुरून काही होत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, लिटरला अर्धा ग्रॅम घेऊन पानांवर फवारा. पावसाचं पाणी एका पिंपात साठवा. मी दोनशे लिटरचं पिंप पन्हाळीखाली ठेवलंय, आणि ते पाणी पहिल्यांदा जास्वंदीलाच जातं.

जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. आधी मुंग्या कुठून येतात ते शोधा. त्या त्याचा गोड चिकटा खातात आणि त्याला राखतात. मुंग्या थांबवल्याशिवाय तो पुन्हा पुन्हा येतोच. कुंडी पाण्याच्या ताटलीत वीट ठेवून तिच्यावर चढवा, पाण्याच्या जोरदार धारेनं कापूस धुवा, राहिलेला जुन्या दातब्रशानं साबणाच्या पाण्यात पुसून काढा.

आणि झाड हिरवं असतानाच अचानक मलूल झालं, पाणी घालूनही उठेना, हलवलं तर अलगद हातात आलं, तर कुंडी उपडी करा. पांढरी, गुबगुबीत, अर्धचंद्रासारखी वाकलेली, तपकिरी डोक्याची अळी सापडेल. ती हुमणी. आमच्या जिल्ह्यातल्या ऊसवाल्यांना ती चांगलीच ठाऊक आहे. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी तिचे भुंगेरे कडुनिंबावर, बाभळीवर जमतात, मग मातीत अंडी घालतात. आपल्या कुंडीत ती बहुतेक कच्च्या शेणखतातून येते. वास येणारं, ओलसर शेणखत घेऊच नका. काळं, भुसभुशीत झालेलं घ्या, चाळणीनं चाळा, दोन दिवस उन्हात पसरा, मगच वापरा.

सगळ्यात जास्त विचारतात ते दोडक्याबद्दल. "फुलं भरपूर, फळ एक नाही." पहिले दोनेक आठवडे बहुतेक नरफुलंच येतात, त्यामुळं घाबरू नका. नरफुलं झुपक्यानं येतात, देठ सडपातळ. मादीफूल एकटं असतं आणि त्याच्या मागं बोटाएवढा इवलासा दोडका आधीच धरलेला असतो. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, दुधीचीही. म्हणून सकाळी जाऊन उपयोग नाही. साडेपाच-सहाला जा. ताजं नरफूल तोडा, पाकळ्या मागं दुमडा, पिवळी पूड बोटाला लागते का बघा, आणि तो भाग मादीफुलाच्या मधोमध हलक्या हातानं फिरवा. दोन दिवसांनी तो इवला दोडका हिरवा राहून लांबायला लागला की जमलं. पिवळा पडून गळाला तर दुसऱ्या फुलावर पुन्हा करा. काकडी, कारलं, लाल भोपळा यांचं मात्र सकाळी.

फळ धरल्यावर ते वाकडं होऊन एका जागी सडलं, तर फळमाशीनं डंख मारलाय. कोवळं असतानाच कागदी पिशवी चढवा. वेलाजवळ क्यू ल्युअरचा, म्हणजे नर फळमाश्यांना वासानं ओढणाऱ्या आमिषाचा, सापळा टांगा. किडकी फळं खतात टाकू नका, घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत चार दिवस उन्हात ठेवा, आतल्या अळ्या मरतात.

मोगरा फुलत नसेल तर त्याला खत नको असतं, उपास हवा असतो. जानेवारीच्या मध्यापासून पाणी तोडा, पानं गळू द्या, महिनाअखेरीस झुडूप अर्ध्यावर छाटा, माती खुरपून शेणखत घाला आणि मग भरपूर पाणी. दिवसाचे सहा तास ऊन मिळेल अशीच जागा द्या. मार्चमध्ये नव्या फुटव्यांच्या टोकाला बघा, कळ्या तिथंच येतात.