टिकटिक टॅपेटचीच आहे ना?

जुन्या ॲम्बेसेडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन टिकटिक करू लागलं, तर पाना उचलण्याआधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, बघा. ऑइल कमी असलं तरी टॅपेट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह ढकलून उघडणारे भाग, वाजतात.

मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक रॉकर कव्हरवर, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणावर, टेकवा, मूठ कानाशी धरा. फॅनपासून हात जपा! व्हॉल्व्ह हलवणारा दांडा, कॅमशाफ्ट, हा पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, क्रँकच्या, निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे एकच टॅपेट सैल असेल तर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच टक्. खालून जड ठोका येत असेल, चढावर वाढत असेल, तर क्रँकच्या बेअरिंगचा संशय घ्या आणि गाडी चालवूच नका.

कव्हर काढून, इंजिन मंद चालू ठेवून, रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी दांडी) आणि व्हॉल्व्हच्या मध्ये फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या साधनाची, पातळ पत्ती सरकवा. जिथे टिकटिक दबते, तो टॅपेट सैल. मात्र आवाज पार घालवायला ही फट जुळवायचा रॉकरवरचा स्क्रू जास्त आवळू नका. फट उरली नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो.