चिलीची बंद बंदरे: समुद्री कायद्याच्या नव्या अभ्यासकांसाठी

समुद्री कायद्याचा अभ्यास कोणत्या खटल्यापासून सुरू करावा, असे नवे विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी चिली आणि युरोपीय समुदाय (आजच्या युरोपीय संघाचे पूर्वरूप) यांच्यातील तलवारमाशाचा वाद सुचवतो. पदव्युत्तर प्रबंधासाठी मी तोच निवडला होता. या वादाचा अंतिम निकाल कधीच लागला नाही, तरीही माझे मत बदललेले नाही.

आग्नेय पॅसिफिक महासागरातील तलवारमासा चिलीच्या दोनशे सागरी मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे मासळीवर किनारी राष्ट्राचा हक्क असलेल्या पट्ट्यात, आणि त्याबाहेरच्या खुल्या समुद्रात सतत ये-जा करतो. चिलीने स्वतःच्या मच्छीमारांवर निर्बंध घातले होते. मात्र क्षेत्राच्या हद्दीपलीकडे स्पॅनिश जहाजे तोच मासा पकडत होती आणि तेथे चिलीचा कायदा चालत नव्हता. म्हणून १९९१ पासून चिलीने अशा जहाजांना आपल्या बंदरांत मासळी उतरवण्यास किंवा पुढे पाठवण्यासाठी दुसऱ्या जहाजावर चढवण्यास मनाई केली.

युरोपीय समुदायाने २००० साली हा प्रश्न जागतिक व्यापार संघटनेकडे नेला आणि गॅट या जागतिक व्यापार कराराच्या पाचव्या व अकराव्या कलमांचा, म्हणजे मालाच्या पारगमनाच्या (दुसऱ्या देशातून पुढे नेण्याच्या) स्वातंत्र्याचा व आयात-निर्यातीवरील निर्बंधांच्या मनाईचा, आधार घेतला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हॅम्बुर्ग येथील आंतरराष्ट्रीय समुद्र कायदा न्यायाधिकरणात याच वादासाठी पाच न्यायाधीशांचे विशेष पीठ स्थापन झाले. त्याचे अध्यक्षस्थान भारताचे पी. चंद्रशेखर राव यांच्याकडे होते. तेथे चिलीचा प्रश्न असा होता, की खुल्या समुद्रातील मासळीच्या संवर्धनासाठी सहकार्य करण्याचे कर्तव्य समुदायाने पाळले आहे का. उलट बाजूने समुदायाने विचारले, की चिली आपले नियम खुल्या समुद्रावर लादत तर नाही ना. २००१ च्या जानेवारीत दोन्ही पक्षांनी तात्पुरती तडजोड केली, कामकाज स्थगित झाले आणि २००९ च्या डिसेंबरमध्ये हॅम्बुर्गचे प्रकरण मागे घेतले गेले.

माझा आग्रह असा, की दोन्ही ठिकाणच्या मागण्या शेजारी ठेवून वाचाव्यात. वस्तुस्थिती एकच असताना एकीकडे मासा हा व्यापाराचा माल ठरतो आणि दुसरीकडे जपायचा साठा. निकाल हाती नसल्यामुळे प्रत्येक युक्तिवाद आपल्यालाच तोलावा लागतो, आणि माझ्या अनुभवात हा सराव पाठ्यपुस्तकातून होत नाही.

त्याआधी पाया पक्का हवा. बंदर हे राष्ट्राच्या अंतर्गत जलक्षेत्राचा भाग असते आणि परकीय जहाजाला तेथे येण्याचा सर्वसाधारण हक्क नसतो. किनारी राष्ट्र सार्वभौमत्वाच्या बळावर बंदरप्रवेशाचे नियमन करू शकते, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८६ च्या निकाराग्वा खटल्यात नोंदवले आहे. संकटात सापडलेल्या जहाजाचा अपवाद मात्र कायम लक्षात ठेवावा.

सर्वांत अधिक वेळ ‘बेकायदा’ आणि ‘अनियंत्रित’ मासेमारी यांतील भेदाला द्यावा. ज्या साठ्यासाठी किंवा ज्या भागात लागू होणारे कोणतेच संवर्धन नियम नाहीत, तेथील मासेमारी एखादा नियम न मोडताही, संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय जबाबदारीशी विसंगत असू शकते. चिलीचा खरा आक्षेप याच जातीचा होता. जहाज आपल्या ध्वजराष्ट्राचा, म्हणजे ज्याचा ध्वज ते लावते त्या देशाचा, परवाना घेऊन आलेले असेल, तर बंदर नाकारणाऱ्या राष्ट्राने कशावर बोट ठेवायचे? मला आजही हा प्रश्न या विषयातील सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण साठा संपत असताना नियम होईपर्यंत वाट पाहणे किनाऱ्यावरच्या लहान मच्छीमाराला परवडत नाही.

यानंतर बंदरराष्ट्र उपाययोजना करार, म्हणजे बेकायदा व अनियंत्रित मासेमारी बंदरांतून रोखण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार, वाचावा. तो २००९ मध्ये संमत झाला आणि ५ जून २०१६ रोजी अमलात आला. त्यात प्रवेश नाकारणे आणि आत आलेल्या जहाजाला बंदराचा वापर नाकारणे, म्हणजे मासळी उतरवणे, इंधन, दुरुस्ती यांना मनाई करणे, या वेगळ्या पायऱ्या आहेत. नववे आणि अकरावे कलम जोडीने वाचल्यास हे स्पष्ट होते.

ज्यांना पुढे मत्स्यव्यवसाय प्रशासनात काम करायचे आहे, त्यांनी हिंदी महासागर टूना आयोगाचे, म्हणजे त्या महासागरातील टूना मासेमारीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे, ठरावही चाळावेत. भारत त्याचा सदस्य आहे. परकीय जहाजाने प्रवेशापूर्वी कोणती माहिती द्यायची, तपासनीसाने जहाजावर काय पाहायचे आणि अहवाल कोणाला पाठवायचा, हे तेथे तपशिलाने दिलेले आहे.