मधुमेह आणि कर्करोगाचा धोका जोखताना या चुका टाळा

मधुमेह आणि कर्करोग यांचा एकमेकांशी संबंध नाही, असे समजणे ही पहिली चूक. पोटाभोवतीची चरबी, बैठे काम आणि धूम्रपान यांनी दोन्हींचा धोका वाढतो. टाइप २ मधुमेह असलेल्यांमध्ये यकृत, स्वादुपिंड, मोठे आतडे आणि गर्भाशयाचे अस्तर यांचे कर्करोग इतरांपेक्षा अधिक आढळतात.

रक्ततपासणीच्या आधी दोन-तीन दिवस गोड आणि भात बंद करायचा, उपाशीपोटीची साखर नीट आली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, हा प्रकार घरोघरी चालतो. मागच्या सुमारे तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीएवनसी चाचणी अशा तयारीला फसत नाही: ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था, ६.५ टक्के किंवा अधिक म्हणजे मधुमेह. मात्र लोहाच्या कमतरतेमुळे ॲनिमिया असल्यास हा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो, म्हणून हिमोग्लोबिनचा अहवालही डॉक्टरांना दाखवावा. ‘बॉर्डरलाइन आहे, काळजी नाही’ म्हणून अहवाल कपाटात ठेवणे तर फारच महागात पडते, कारण हीच वेळ हाताशी असते. चेन्नईच्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, साखरेचे प्रमाण या टप्प्यावर असलेल्यांनी आहार आणि व्यायामाची शिस्त पाळल्यावर मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले होते.

‘मी बारीक आहे’ हाही भरवशाचा पुरावा नाही. भारतीयांमध्ये बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २३ झाला की जास्त वजन धरतात, आणि हातपाय काटकुळे पण पोट सुटलेले, अशी शरीरयष्टी आपल्याकडे सर्रास दिसते. पँटच्या मापावर जाऊ नये, कारण पुष्कळजण ती पोटाच्या खाली बांधतात. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, उघड्या अंगावर टेप लावावा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे धोका वाढतो.

साखरेऐवजी गूळ किंवा मध घेतल्याने आणि उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाल्ल्याने रक्तातील साखर वाढायची थांबत नाही.

तंबाखूबाबतची फसवणूक अधिक खोल आहे. मिश्री दातांसाठी चांगली, असे आजही अनेक स्त्रिया मानतात, पण मिश्री म्हणजे भाजून कुटलेला तंबाखूच. नुसत्या सुपारीलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये कर्करोगकारक ठरवले आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी असली, तरी टपरीवर पानमसाला आणि तंबाखूच्या दोन वेगळ्या पुड्या एकत्र करून हवा तो गुटखा तयार होतो. उभी धरलेली तीन बोटे तोंडात जात नसतील, पांढरा वा लाल चट्टा दिसत असेल किंवा व्रण दोन आठवड्यांत भरला नसेल, तर मलमे लावत न बसता दंतवैद्याकडे जावे.

कर्करोग झालेल्याने साखर सोडली की गाठ उपाशी मरते, हा समजही चुकीचाच. त्यापायी रुग्णाचा आहार घटतो आणि उपचार सोसण्याची ताकद कमी होते.

उतारवयात नव्याने मधुमेह निघाला आणि काही न करता वजन झपाट्याने उतरू लागले, तर पथ्य लागू पडले म्हणून खूश होऊ नये. क्वचित यामागे स्वादुपिंडाचा कर्करोग असतो, त्यामुळे हे वजन कमी झाल्याचे डॉक्टरांना लवकरात लवकर आवर्जून सांगावे.